पेन्सिल जाईल एवढं भोक

सुरुवातीलाच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे लपवायला काही उरणार नाही. ज्या वर्षी मी शाळाभर ‘ऐकू नका, बघा’ असे कागद खळीने चिकटवत फिरत होते, त्याच वर्षी एक बाई मला म्हणाली, ‘चला, दाखवते’, आणि मी जागची हललेसुद्धा नाही. उलट तिलाच बाकावर बसवून पंधरा मिनिटं ऐकवलं. तेवढ्यावर थांबले असते तरी देवाने माफ केलं असतं. पण मी ते लिहून भिंतीला लावलं.

आज हे उकरून काढायला कारण झालं जानेवारीतलं ऊन. आमच्या नवव्या मजल्यावर ते दुपारी तीनच्या सुमाराला असं येतं, की समोरची प्रत्येक इमारत नुकती धुऊन वाळत घातल्यासारखी दिसते. खिडकीतून पार लांब, हमरस्त्यापलीकडे, मिठागरांचा एक तुकडा अजून चकाकतो. ऐंशी पार केलेल्या माणसाने अशा वेळी डोळे मिटून पडावं अशी घरातल्यांची अपेक्षा असते. मी पडते. डोळे मात्र मिटत नाही.

त्यात परवा नात रेवा, तिसरीतली, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ‘कॅमेरा’ घेऊन आली. स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणलेला. पुठ्ठ्याचा, चकचकीत काळा, खाली सोनेरी अक्षरांत तिचं नाव. मी तो उलटसुलट केला आणि विचारलं, “यातून दिसतं काय गं?”

ती म्हणाली, “आजी, दिसायचं नसतं ना. सबमिट करायचं असतं.”

मी खूप हसले. तिला वाटलं, मी तिला हसले. मी एका दुसऱ्याच मुलीला हसत होते. ती वीस वर्षांची होती, नुकत्याच दोन वेण्या सोडून अंबाडा घालायला शिकली होती, पदर पिनेने असा टाचायची की श्वास घेतला तरी टोचावं, आणि ट्रेनिंग कॉलेजचं पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट पिशवीत घालून हिंडायची. कुणी विचारलंच तर असावं म्हणून. कुणीही विचारलं नाही.

तेव्हाचं मुलुंड, पूर्वेकडचं, आता सांगितलं तर गोष्ट वाटेल. स्टेशनपासून थोडी घरं, मग ताडाची झाडं, मग एक खडीचा रस्ता, आणि त्या रस्त्याच्या कडेला आमची शाळा. चार वर्ग, पाच शिक्षक, एक घंटा आणि एक सुभद्रामावशी. शाळेची इमारत म्हणजे कुणाचं तरी मिठाचं जुनं कोठार. भिंती हातभर जाड. पावसाळ्यात त्यांना ओल यायची, ती मूठभर मीठच पाझरल्यासारखी पांढरी व्हायची. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे खाडीपर्यंत मिठागरं. संक्रांत उलटली की तिथे मिठाच्या पहिल्या राशी उभ्या राहायच्या. दुपारी त्यांच्याकडे बघवायचं नाही इतक्या पांढऱ्या. हवेत खारटपणा असा असायचा, की मुलं पाढे म्हणता म्हणता ओठ चाटायची. त्या दिवसांत खिशात बोरं, हातात ओला हरभरा, नाकाला शेंबूड आणि डोक्यावर कापलेला पतंग शोधणारी नजर, अशा अवस्थेत जे मूल शाळेत पोचेल ते आपलं, असं धरून शिकवायचं.

मी त्यांना ‘सामान्य विज्ञान’ शिकवायची. पुस्तकातून. पुस्तकात चुंबकाचं चित्र होतं, भिंगाचं चित्र होतं. एका मुलाने चुंबकाच्या चित्राला टाचणी लावून बघितली आणि मला म्हणाला, “बाई, नाय चिकटत.” त्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे गेले.

आगाशे गुरुजी म्हणजे धोतर, काळा कोट, काळी टोपी आणि बारा महिने छत्री. मी म्हटलं, “आपण विज्ञानाची जत्रा भरवू. मुलांनी सगळ्या वस्तूंना हात लावायचा.”

“प्रदर्शन म्हणजे बघायचं असतं, कुमुद बाई,” ते म्हणाले. “हात लावायचा तो बाजार.”

“मग बाजार भरवू.”

त्यांनी टोपी काढली, आतून पाहिली, पुन्हा घातली. विचार करायची त्यांची ती रीत होती. “भरवा. पण काच फुटली, कुणाचं बोट भाजलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा पुस्तक.”

तीन आठवडे मी नुसती धावत होते. एका मुलीचे वडील साकीनाक्याच्या वर्कशॉपात होते, त्यांनी लोखंडाचा कीस पिशवी भरून दिला. काड्यापेट्यांचे फोन केले, दोऱ्याला मेण लावून. रबराच्या नळीने वरच्या बादलीतलं पाणी खालच्या बादलीत आपोआप उतरवायचं, त्याचा सराव करताना मी इतकं पाणी प्यायले, की त्या दिवशी डबा खाल्ला नाही. अंडं साध्या पाण्यात बुडतं आणि मिठाच्या पाण्यात तरंगतं, त्यासाठी मीठ आणायला समोरच जायचं होतं. आणि जिकडेतिकडे माझे कागद, गोल अक्षरात: ‘ऐकू नका, बघा’. स्वतःच्या अक्षराकडे मी दोन पावलं मागे जाऊन बघायची. काय ती ऐट!

अशाच एका दुपारी सुभद्रामावशी झाडू हातात घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. मावशी शाळा झाडायची, पाणी भरायची आणि घंटा द्यायची. पितळी, हातात धरून हलवायची घंटा. वय चाळीसच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दिराच्या खोलीत राहायची. मालवणकडची. शाळेत सगळ्यांशी बोलायची ते मालवणीतच, आणि सगळ्यांना कळायचंही.

“बाईनूं, एक विचारू? हसूचा नाय हां.”

“विचारा की.”

“त्या अडगळीच्या खोलयेत मी दुपारची दार लावन भाकरी खातंय. थंय भिंतीर माणसां दिसतत. चालतत. पण उलटी. पाय वर, डोकी खाली.”

आता इथे एखादी शहाणी मुलगी उठली असती. अडगळीची खोली वीस पावलांवर होती. मी खडू उचलला.

“कधी दिसतात?” मी विचारलं, डॉक्टरच्या आवाजात.

“थंडयेत. ऊन कडक असला काय. पावसाळ्यात येनत नाय. माका वाटता, भाताच्या लावणेक गावाक जात असतीत.”

“बोलतात?”

“नाय. आवाज करनत नाय. चला, दाखवतंय.”

मी तिला म्हटलं, “मावशी, बसा.” आणि ती बसली बिचारी पहिलीच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. मी तिला सांगितलं, की भूत नसतं. अंधारात मन खेळ करतं, भीतीने डोळ्यांपुढे काहीही येतं, आणि आपल्या लोकांच्या या भोळ्या समजुतींमुळे देश मागे राहिला आहे. देशसुद्धा काढला मी! मग डोळा कसा चालतो ते समजावायला फळ्यावर डोळा काढला. डोळ्यासमोर माडाचं झाड काढलं. आणि पुस्तकात होतं तसं डोळ्याच्या आतल्या पडद्यावर छोटंसं उलटं माडाचं झाड काढलं.

मावशी फळ्याकडे बघत राहिली. मग तिने बोट दाखवलं. “बाईनूं, ह्यो तुमचो माड उलटो कसो?”

“तो तसाच असतो. पुस्तकात आहे,” मी म्हटलं आणि फळा पुसला.

आजही हे लिहिताना कानाच्या पाळ्या गरम होतात. उत्तर माझ्याच हाताने माझ्याच फळ्यावर काढलेलं होतं, त्याच्यावर अडाणी म्हणवणाऱ्या बाईने बोट ठेवलं होतं, आणि मी डस्टर फिरवलं.

पुढे माझ्या डोक्यात आणखी एक कल्पना आली. जत्रेत एक टेबल ‘भोळ्या समजुतीं’चं ठेवायचं. मांजर आडवं गेलं तर काय, शिंक आली तर काय, असे चार कागद लिहून टेबलामागच्या भिंतीला लावले. पाचव्या कागदावर लिहिलं: ‘आपल्याच शाळेत काम करणाऱ्या एका बाईंना बंद खोलीत उलटी माणसे दिसतात. कारण: अंधार, भीती आणि अर्धवट झोप.’ नाव घातलं नाही. नाव न घालण्याचा मोठेपणा मला तेव्हा फार वाटला.

गुरुवारी संध्याकाळी पाचला, मांडामांड चालू असताना, मावशीचा दीर तिला न्यायला आला. गिरणीत कामाला होता, मराठी चार इयत्ता शिकलेला. टेबलाशी उभा राहून, एकेका शब्दाखाली बोट सरकवत त्याने पाचवा कागद वाचला. दोनदा.

“बाई, ह्यो कागद तुमी लिवलो?”

“हो.”

“आमच्या वैनीचोच मां?”

“नाव नाही घातलेलं.”

“नाव कित्याक व्हया? शाळेत काम करणारी दुसरी बाई खंय आसा?” तो रागावलेला नव्हता. उलट सुटल्यासारखा दिसत होता. “आमी घरात कधीपासून म्हणतंव, हिका भायरचा काय तरी लागलाहा. ती ऐकना नाय. आता शिकलेल्या बाईनीच लिवल्यानी, बरा झाला. मंगळवारच्या बोटीन गावाक न्हेतंय. देवाक गाऱ्हाणा घालूचा. मगे थंयच ऱ्हवात.”

“परत कधी येतील?”

“परत कित्याक?”

मावशी त्याच्या मागे उभी होती. तो पुढे गेल्यावर तिने कमरेची चावी काढून माझ्यासमोर ठेवली. “ही अडगळीच्या खोलयेची. शनवारचा काम करून देतंय. मगे दुसरा कोण तरी बघा.”

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, “मावशी, गावची हवा चांगली असते.”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. “गावाक माजा कोण आसा, बाईनूं? हय माजी घंटा आसा.”

ही ‘माजी घंटा’ मला अजून ऐकू येते. शाळा सुरू करणारी ती, सुट्टी देणारी ती. दीडशे पोरं तिच्या मनगटावर पळायची. गावाला गेली की ती फक्त कुणाची तरी विधवा वहिनी उरणार होती, वर बाधा झालेली. मला हे कळलं. कळूनही मी कागद काढला नाही. शास्त्राला कागद काढून कसं चालेल, असं काहीतरी मी मनाशी म्हणाले. आणि चावी कमरेला खोवली. खोलीत मात्र गेले नाही.

शनिवारी जत्रा भरली. ऊन असं की मिठाच्या राशींवर नजर ठरेना. मुलं आली, मुलांच्या आया आल्या, टांगेवाले आले, मिठागरातून पाटी टाकून चार बायका आल्या. आधी सगळे हात पाठीमागे बांधून उभे. शाळेत हात लावायचा नसतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मग एका मुलीने लोखंडाच्या किसाखालून चुंबक फिरवला आणि तो कीस केसांसारखा उभा राहिला. “आई गं!” असं ती जी ओरडली, तिथून गर्दी फुटली. एक म्हातारा टांगेवाला काड्यापेटीचा फोन कानाला लावून अर्धा तास हलला नाही. त्याची बायको दुसऱ्या टोकाला होती. तो म्हणाला, घरात इतकं नीट कधी ऐकू आलं नव्हतं. भिंगाने कागदाला भोक पडलं तेव्हा आगाशे गुरुजी टोपी काढून आत बघायलाही विसरले.

दुपारी दोनच्या पुढे कुणाच्या तरी धक्क्याने मिठाच्या पाण्याची बादली लवंडली. पुसायला गोणपाट हवं होतं. मावशी बाहेर पिंपापाशी लोकांना पाणी देत होती. चावी माझ्याकडे. गेले.

अडगळीच्या खोलीला खिडकी नव्हती. दार रस्त्याच्या बाजूचं, जाड फळ्यांचं. आत मोडके बाक, जुने नकाशे, गोणपाटं. मी दोन पावलं आत गेले आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. मिट्ट काळोख. दाराला छातीच्या उंचीवर कधीकाळी काढलेल्या कडीचं एक भोक होतं, पेन्सिल जाईल एवढं. त्यातून उजेडाची एक बारीक काडी आत आली होती. मी दाराकडे वळणार, तेवढ्यात समोरच्या चुन्याच्या भिंतीवर काहीतरी हललं.

मी काय केलं? खरं सांगू? पहिल्या वर्गाच्या सर्टिफिकेटवालीने कुलदेवीचा धावा केला. मोठ्याने.

आणि मग डोळे सरावले. भिंतीच्या तळाशी निळं आकाश होतं. माझ्या पायाशी! त्याच्यावर, म्हणजे वर, छताच्या बाजूला, पांढऱ्याशुभ्र राशी लोंबत होत्या, झुंबरासारख्या. ताडाची झाडं वरून खाली उगवली होती आणि त्यांची पानं आकाशात बुडून हलत होती. छताजवळच्या रस्त्याने बायका चालल्या होत्या, पाय वर, डोकी खाली, डोक्याखाली मिठाच्या पाट्या. एकीचं लुगडं हिरवं, एकीचं तांबडं. रंगासकट! आम्ही जो सिनेमा बघितलेला तो काळा-पांढरा, आणि इथे एका कोठाराच्या भिंतीवर सगळं जग रंगासकट चाललं होतं, न थांबता, आवाज न करता, तिकीट नाही, बघणारं कुणी नाही. कडा जरा पाण्यातल्यासारख्या. टांगा स्टेशनाकडे जात होता तो उलट्याच दिशेला निघालेला. घोड्याचे चार पाय छताला टापा मारत होते आणि टापांचा आवाज माझ्या पाठीमागून, दाराबाहेरून येत होता.

तो आवाज ऐकला आणि मी गर्रकन भोकाकडे वळले. हे बाहेरचंच आहे. हे सगळं, खाडीपासून रस्त्यापर्यंत, त्या भोकातून आत आलंय.

मी भोकावर हात ठेवला. जग गेलं. हात काढला, जग आलं. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. ते कितीदा केलं आठवत नाही. मग भिंतीवर एक काळा कोट उलटा आला, छत्री टेकत. आगाशे गुरुजी! मी दार उघडून बाहेर डोकावले. गुरुजी होते. सुलटे. मी दार लावलं. उलटे. एवढं साधं, एवढं मोठं. मला रडू आलं आणि हसू आलं. माझ्या फळ्यावरचा तो छोटा उलटा माड आठवला. ही खोली म्हणजे डोळाच होता, आणि मी त्याच्या आत उभी होते.

मी धावत पिंपापाशी गेले. “मावशी, ते… ते आहेत!”

“कोण?”

“उलटे!”

मावशीने हातातला पेला पुसून पालथा घातला. “उभ्यान बघलास काय बसान? बसान बघूक व्हया. उभ्यान बघल्यार आपलीच सावली पडता.”

त्या दुपारी पुढे जे झालं, त्यात मी नुसती दारावरची बाई होते. मास्तरीण ती. दहा-दहा मुलं आत घ्यायची, दोन्ही भिंतींशी बसवायची, मधली वाट उजेडाला मोकळी ठेवायची. “दार लावा रे! डोळे मिटा. पन्नासपर्यंत आकडे म्हणा. घाई करूची नाय, ती आपणहून येतत.” आणि पन्नास झाल्यावर त्या काळोखातून जो आवाज यायचा, तसा आवाज मी नंतर पस्तीस वर्षं शिकवून एकदाही वर्गातून काढू शकले नाही. आधी पूर्ण शांतता. मग एकदम, “बाई, माझा भाऊ! ए दाद्या, अरे पडशील ना!” एका चिमुरडीने विचारलं, “पाटी उलटी, मग मीठ सांडत कसं नाही?” दुसरी म्हणाली, “आकाश खाली आलंय, मी पाय ठेवू?” आणि तिने खरंच चप्पल काढली.

गुरुजी आत गेले ते दोन फेऱ्या संपेपर्यंत बाहेर आले नाहीत. आले तेव्हा टोपी हातातच होती. “कुमुद बाई,” ते हळू म्हणाले, “हे आपण इतकी वर्षं कुलूप लावून ठेवलं होतं?”

साडेतीनला दीर आला. गर्दी बघून दचकला. मी म्हटलं, “आत चला.” तो नको म्हणाला. मी त्याचा हात धरला. मी! परक्या पुरुषाचा! पण त्या क्षणी मला मंगळवारची बोट दिसत होती, बाकी काही दिसत नव्हतं. मावशीला म्हटलं, “तुम्ही रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहा. घंटा घेऊन.”

आम्ही काळोखात बसलो. तो जोरजोरात श्वास घेत होता. आकाश उजळलं, राशी लोंबल्या, त्याने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी पिचली. आणि मग छताजवळून एक जांभळं लुगडं आलं. भिंतीच्या मध्यावर थांबलं. पाय वर, डोकं खाली. तिने हात हलवायला सुरुवात केली आणि आमच्या पाठीमागून, दाराबाहेरून, घंटा वाजली.

घण घण घण. शाळा सुटते तशी.

“ती वैनी,” तो म्हणाला.

“हो.”

“भायर सुलटी आसा मां?”

“जाऊन बघा.”

तो गेला. परत आला, दार लावून बसला, पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी भोकाला बोट लावून बघितलं, मिठागरांकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं. ती घंटा वाजवतच होती, तिला थांबा म्हणायचं आम्ही विसरलोच होतो. मग ती रस्ता ओलांडून आल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, “वैनी, मंगळवारी मी एकटोच जातंय.”

“आणि गाऱ्हाणा?” तिने विचारलं.

“घालतंय. माजाच घालूक व्हया.”

इथे मला थोडं थांबू दे. लिहिता लिहिता तीन वाजलेत.

आमच्या खोलीला सूनबाईने उजेड मुळीच आत न येऊ देणारे महागडे पडदे लावले आहेत. परवा रेवाचा तो दिसायचं नसलेला कॅमेरा बघितला आणि घरात कुणी नसताना मी उदबत्ती पेटवली. देवापुढे नव्हे. पडद्याला टेकवून. छानपैकी एक भोक पडलं, पेन्सिल जाईल एवढं. काल रेवाला बाजूला बसवलं, पन्नास मोजायला लावलं. एकेचाळिसाला ती गप्प झाली. भिंतीवर आकाश खाली होतं, इमारती वरून उतरल्या होत्या, बांधकामाची पिवळी क्रेन उलटी लोंबत सावकाश फिरत होती, आणि पार वर, छताच्या कडेला, एक पांढरी रेघ चकाकत होती. तेवढंच मीठ उरलंय आता. रेवा म्हणाली, “आजी, हे बंद कसं करायचं?” मी म्हटलं, “बंद होत नाही गं. हे चालूच असतं.” भोकाबद्दल सूनबाईला अजून कळलेलं नाही. हा लेख वाचला तर कळेल.

मावशी शाळेतून निवृत्त होईपर्यंत दर थंडीत ती खोली लावायची. तिने त्या भोकाला कधी खिळा मारू दिला नाही. रंगारी आले की समोरच्या भिंतीला दोन हात जास्त द्यायला लावायची. नवी मुलं तिला ‘उलट्या मावशी’ म्हणायची आणि ती ओ द्यायची.

पण त्या शनिवारी, सगळे गेल्यावर, साडेपाचच्या सुमाराला आम्ही दोघी त्या खोलीत होतो. ऊन उतरलं होतं. राशी आधी पिवळ्या झाल्या, मग गुलाबी, मग भिंत हळूहळू नुसती भिंत होत गेली. माझ्या हातात तो पाचवा कागद होता, खळीसकट ओरबाडून काढलेला. सकाळपासून तो दीडशे मुलांनी वाचला होता. मी तो तिच्यासमोर फाडला, चार तुकडे केले, मग आठ. पदराची पिन टोचत होती, ती काढली.

“मावशी,” मी म्हटलं, “मी चुकले. शिकलेली असून चुकले.”

ती भिंतीकडेच बघत होती, जिथे आता एकच ताड उरला होता, डोकं खाली करून. तो विझला तेव्हा ती उठली, माझ्या हातातले तुकडे घेतले, झाडूच्या सुपलीत टाकले आणि दार उघडता उघडता म्हणाली,

“चुकलास नाय ओ, बाईनूं. तुमी बघूक इलास नाय, इतक्याच.”